अजगराचा घास

भातकापणीच्या दिवसांत आमच्या कोकणातल्या वाडीत अजगर दिसल्याची बातमी एकदा तरी येतेच. बहुतेक वेळा ती बातमीच राहते. त्या वर्षी मात्र आगराच्या गडग्याशी आम्हा सगळ्यांना तो समोर दिसला. जवळजवळ दहा फुटांचा, आणि त्याच्या विळख्यात शेजारच्या खालांचे करडू!

ते करडू खालांनी पुढच्या बकरी ईदला विकायचे म्हणून वाढवायला घेतले होते. शौहर गेल्यापासून त्यांचे घर शेळ्यांवरच चालते. त्यांचा आक्रोश ऐकून वाडीतली पोरे काठ्या-कोयते घेऊन धावली. अब्बांनी सर्वांना अडवले. म्हणाले, "करडू तर गेलेच. याला मारून ते उठणार आहे का?"

मग आम्ही लांबूनच पाहत राहिलो. अजगराला विष नसते. मागे वळलेल्या दातांनी तो भक्ष्य धरतो आणि लगेच वेटोळी आवळतो. तो हाडांचा चुरा करतो, असे लोक म्हणतात, तसे नाही. त्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरणच थांबते. बोआ सापांवरच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात हे मोजून पाहिले गेले आहे. करडू निपचित पडल्यावर अजगराने त्याचे डोके शोधले व तिकडूनच गिळायला सुरुवात केली, म्हणजे पाय आपोआप मागे मिटतात. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात. एकदा उजवी बाजू पुढे, एकदा डावी; जबडा जणू घासावरून चालत जातो. तासाभरात करडू दिसेनासे झाले.

अशा वेळी त्याला डिवचले तर तो गिळलेले ओकून पळतो. म्हणजे करडूही गेले, आणि उपाशी अजगर पुन्हा शिकारीला मोकळा! तोच पोटभर खाल्ला की कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे पडून राहतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहेच. पण शेतात घुशी-उंदीर, आगरात माकडे आणि भातात रानडुकरे यांनी बेजार झालेल्या आपल्या लोकांना हेही ठाऊक हवे की घुशी, माकडे, डुकरांची पिल्ले हा त्याचाच घास आहे. शेळ्यांचा गोठा मात्र फटी बुजवून तिन्हीसांजेआधी बंद करावा. अजगर बहुधा रात्री निघतो आणि ओठांवरच्या खाचांनी त्याला अंधारातही जनावराच्या अंगाची ऊब कळते.

त्या रात्री वाडीतल्या घरांनी थोडे थोडे पैसे काढले. आठवड्याच्या आत खालांच्या दारात दुसरे करडू बांधले गेले. त्याचे रिज्क त्याला मिळाले, पण ते एकट्या विधवेच्या ताटातून का जावे? नुकसान एकटीच्या माथी राहिले असते, तर पुढच्या खेपेला अब्बांचे कोणी ऐकले नसते.