माळशिरस ते वेळापूर, अनवाणी

माळशिरसचा मुक्काम हलतो तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. राहुट्यांच्या दोऱ्या सुटत असतात, सामानाचे ट्रक पुढे निघालेले असतात आणि टँकरभोवती आंघोळीची घाई चाललेली असते. त्या गडबडीत एखाद्या कडेला बॅटरीच्या उजेडात आपले तळवे निरखणारी माणसं दिसतात. आळंदीहून पंढरपूरला जाणारी माउलींच्या पालखीची वाट सव्वादोनशे किलोमीटरहून लांब आहे. तिचा बराचसा भाग ज्यांनी अनवाणी तुडवलेला असतो, ते दिवसाची सुरुवात पायांपासूनच करतात.

मराठवाड्यातून आलेल्या एक मावशी पायाची बोटं फाकवून लुगड्याच्या पदरानं एकेक बेचकं कोरडं करत होत्या. मी शेजारी बसून तळव्यांना खोबरेल चोळायला लागलो, तशी त्यांनी हातातली बाटलीच बाजूला ठेवली. "माउली, तेल रात्री. आत्ता लावलं तर खडी चिकटते आणि कातडं मऊ पडतं." त्या कितीतरी वर्षं वारी करतात. त्यांच्या टाचा जाड आणि पिवळसर होत्या, पण भेग एकही नव्हती.

त्यांचं म्हणणं शरीरशास्त्राला धरून आहे. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी दाट असतात, पण तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे ही कातडी घामानं आणि पावसानं भिजते, एरवी कोरडी पडते आणि वाळली की कडेनं फाटते. भिजलेल्या कातडीचं जमिनीशी घर्षण वाढतं. पाऊल टेकतं तेव्हा वरची कातडी जमिनीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. अशी ओढाताण हजारो पावलं चालली की कातडीच्या थरांमध्ये फट पडते, तिथे पाणी साचतं आणि फोड येतो. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली तर चिखल्या होतात, त्या वेगळ्याच. म्हणून सकाळी कोरडं करायचं आणि तेल-तूप रात्री. आमच्या राहुटीत कोकणातल्या एकानं मुठेलाचा गोळा आणला होता. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल दिव्यावर जरा वितळवून भेगांत भरायची त्यांच्याकडची रीत आहे. झोपण्यापूर्वी तो गोळा साऱ्या राहुटीत फिरायचा.

घट्ट्यांविषयी मात्र लोकांचा एक गैरसमज असतो. कातडी जाड झाली म्हणजे पाय बधिर होतो, असं समजतात. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पायांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जाड घट्टे असलेल्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली आढळली नाही. घट्टा कठीण असतो, त्यामुळे जमिनीचा स्पर्श आतपर्यंत पोहोचतो. बुटाची मऊ गादी मात्र तो वाटेतच जिरवते. मावशी चालताना खाली बघत नव्हत्या, तरी खडा लागला की पूर्ण भार पडण्याआधीच त्यांचं पाऊल हलकं व्हायचं. असा घट्टा आठवड्याभरात तयार होत नाही. घरी रोज थोडंथोडं अनवाणी चालून महिनोन्‌महिने तो कमवावा लागतो. तो फार वाढला, तर आंघोळीच्या वेळी वज्रीनं बेताचा घासावा, कारण जाड कडाच आधी तडकतात.

दिवस वर आला आणि ढग पांगले. भर उन्हात डांबर हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त तापू शकतं. तेवढ्या उष्णतेपुढे जाड घट्ट्याचंही काही चालत नाही. अनवाणी माणसं आपोआप रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर आली, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. पायी चालणाऱ्यांसाठी कडेला स्वतंत्र वाट राखण्याचं त्या योजनेतच आहे. त्या वाटेवर माती किती आणि सावली किती, हा माझ्या मते अनवाणी वारकऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

खुडूसला रिंगण झालं. पताकावाले धावले, तुळशी घेतलेल्या बाया धावल्या, विणेकरी धावले आणि मग अश्व सुटले. घोड्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. मऊ माती आणि सपाट वर्तुळ. असं धावणं पायांना सुखाचं.

खरी कसोटी पुढे धावा बावीच्या उतारावर लागते. इथल्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या आठवणीनं सगळा सोहळा इथे धावतो. दिंड्या थांबल्या, तुकोबांचं नाव निघालं आणि सगळी गर्दी उतारावरून सुटली. काही तरुण लांब ढांगा टाकत, टाचांवर आपटत, पाय घासून वेग आवरत खाली गेले. उतारावर असं घासत थांबलं की बोटांखालची कातडी सोलली जाते. मावशी छोटी-छोटी पावलं टाकत, पाय वरचेवर उचलत, जवळजवळ आवाज न करता धावत होत्या. सवयीचे अनवाणी धावपटू बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवरचा धक्का टळतो, हे हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांच्या गटानं २०१० साली मोजून दाखवलं होतं. अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपल्या बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी पायांनी ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. बिकिलाच्या पायांना अनवाणी धावण्याची सवय आधीपासूनच होती.

वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं जुनं देऊळ बघायचं होतं, पण संध्याकाळ वैद्यकीय तंबूतच गेली. मघाचे ते तरुण तिथे रांगेत होते. एकानं फोडातून सुई-दोरा आरपार ओवून दोरा तसाच ठेवला होता. डॉक्टरबाईंनी तो काढला, जखम धुतली आणि त्याला समजावलं: लहान फोड फोडायचाच नाही, मोठा आणि ताणलेला असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, पण वरची कातडी ओढून काढायची नाही, कारण खालच्या कोवळ्या कातडीचं तेच झाकण. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, हे त्या प्रत्येकाला विचारत होत्या.

रांगेत शेवटी एक आजोबा होते, मधुमेहाचे. पायाला काही झालेलं नाही, नातवानं उगाच आणलं, असं ते सांगत होते. बॅटरी लावून पाहिलं तर चवड्यात बाभळीचा काटा खोल रुतलेला आणि भोवती सूज. जाणीव गेलेल्या पायाला काटा कळतच नाही. काटा काढून पट्टी बांधल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांच्या दिंडीच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. बूट घालायला आजोबांनी आधी नाही म्हटलं, मग विचारलं, "माउलींना चालेल ना?" प्रमुख म्हणाले, "माउलींना तुम्ही पंढरीला धड पोहोचलेले चालेल." भंडीशेगावकडे निघताना आजोबा कापडी बूट घालून चालणार आणि रोज मुक्कामाला नातू त्यांचे तळवे बघणार, असं तंबूतच ठरलं.