झरोक्याची गोष्ट

ज्या विषयावर आज मी लिहिणार आहें तो आमच्या घरांत चारचौघांत उच्चारण्याचा नव्हे. भोरच्या आमच्या जुन्या घरांत शौचकूप परसाच्या अगदीं टोकास, विहिरीपासून व स्वयंपाकघरापासून शक्य तितका दूर होता. आणि 'परसाकडे जाणें' या दोन शब्दांतच त्या विषयाचा आरंभ व शेवट होत असे. दुर्गंधावर आमच्या वडीलधाऱ्यांनीं शोधलेला उपाय एकच, आणि तो म्हणजे अंतर. घरीं हा उपाय पुरतो; पण घर सोडून ज्याला आगगाडींत किंवा बोटींत बसावें लागतें त्यानें काय करावें? तेथें परस नाहीं. जेथें निजावयाचें, जेथें दशम्यांचा डबा सोडावयाचा, तेथून दहा पावलांवर ती कोठडी. अंतर नसेल तेथें मनुष्याच्या हातीं वाऱ्यावांचून दुसरें साधन उरत नाहीं. हा साधा सिद्धांत मला फार उशिरा, आणि माझ्याच एका अपराधामुळें समजला. म्हणून विषयाच्या ग्राम्यतेबद्दल वाचकांनीं व वाचकभगिनींनीं क्षमा करावी.

आमच्या आत्याबाईंना काशीस न्यावयाचें बरींच वर्षें मनांत होतें. एका पौषांत तो योग आला. आत्याबाई तेव्हां सत्तरीच्या घरांत होत्या. त्यांचा एक नेम आम्हां सर्वांस ठाऊक होता : गाडींत पाऊल ठेवलें कीं त्या पाण्याचा थेंब तोंडांत घेत नसत. आम्ही तो सोवळ्याचाच एक प्रकार समजत होतों. मुलें थट्टा करीत, सुना कौतुक करीत, आणि मी मनांतल्या मनांत त्या निग्रहाला नमस्कार करीत असें. पुण्याहून काशीस पोंचावयास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. परंतु घरून भरून घेतलेला फिरकीचा तांब्या त्यांच्या उशाशीं भरलेला तसाच राहिला.

आमची जागा डब्याच्या अगदीं टोकास, शौचगृहाच्या शेजारीं होती. रात्रीं थंडी वाढली. शौचगृहाच्या खिडकीस वरच्या अंगाला तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतून सुटलेला गार वारा दाराखालून येऊन थेट आत्याबाईंना लागतो आहे, असें मला वाटलें. मी उठलों, जवळचें वर्तमानपत्र फाडून त्याचे बोळे केले, आणि ते त्या पट्ट्यांच्या फटींत घट्ट कोंबून टाकले. मोठें पुण्यकर्म केल्याच्या समाधानानें मी झोंपीं गेलों.

पहांटे जाग आली ती दुर्गंधानें. सारा डबा नाकास पदर लावून बसला होता. मीहि चार प्रवाशांसमवेत व्यवस्थेच्या नांवानें यथेच्छ तोंडसुख घेतलें. पुढच्या मोठ्या स्टेशनावर सफाई करणारा मनुष्य आला. त्यानें प्रथम खिडकीकडेच पाहिलें, बोळे उपसून काढले, आणि ते आम्हांस दाखवीत म्हणाला, "वाट बुजवल्यावर वास जाणार कुठून?" त्यांतील एका बोळ्यावर अर्धवट सोडविलेलें शब्दकोडें होतें, आणि अक्षर माझें होतें. मी कांहीं बोललों नाहीं. तें मौन आजहि मला टोंचतें.

काशीस पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, पाणी न प्याल्यामुळें व लघवी तासन् तास रोखून धरल्यामुळें मूत्रमार्गास जंतुसंसर्ग झाला आहे. जन्मभर ज्या गंगास्नानाची वाट पाहिली तें गंगेच्या कांठीं येऊन चार दिवस अंतरलें. त्यांच्या उशाशीं बसलों असतां मी जरा रागानेंच म्हणालों, "आत्या, या वयांत सोवळें इतकें ताणूं नये."

त्या क्षीणपणें हंसल्या. "अरे बाळ, सोवळें कसलें! पाणी प्यालें कीं त्या खोलींत जावें लागतें. तिथें मला गुदमरतें, भोंवळ येते. पण तुम्हां पुरुषमाणसांना हें सांगावें कसें? सोवळें म्हटलें कीं पुढें कुणी विचारीत नाहीं."

चाळीस वर्षांचा आमचा समज त्या एका वाक्यानें कोसळला.

१९०९ सालीं ओखिलचंद्र सेन नांवाच्या एका बंगाली प्रवाशानें रेल्वेच्या अधिकाऱ्यांस एक पत्र पाठविलें होतें. तो स्टेशनावर शौचास गेला असतां गाडी निघून गेली आणि चारचौघांत त्याची फजिती झाली, अशी ती तक्रार. तें पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत ठेवलेलें असून लोक तें हंसत हंसत वाचतात. पुरुषानें आपली फजिती लिहून पाठविली, म्हणून ती इतिहासांत राहिली. आत्याबाईंसारख्या किती स्त्रियांनीं आपली अडचण सोवळ्याच्या घडींत झांकून टाकली असेल, त्याची नोंद कोणत्या संग्रहालयांत मिळावी? आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियांतील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. १९८० नंतरच्या दशकांत त्या या कामांत शिरल्या तेव्हां इंजिनांत शौचगृह म्हणून नव्हतेंच. पहिलें असें इंजिन २०१६ सालीं निघालें. इतका काळ हा प्रश्न कोणास प्रश्नच वाटला नव्हता.

परत आल्यावर कांहीं महिन्यांनीं भाच्याबरोबर राजगडावर जाण्याचा प्रसंग आला. वेल्ह्याकडच्या वाटेनें गुंजवण्यास उतरून आम्ही गड चढलों. संजीवनी माचीच्या तटांत बांधलेले शौचकूप पूर्वीं मीं पाहिले नव्हते असें नाहीं. पण त्या दिवशीं मी तेथें थबकलों. एका माणसापुरती दगडी जागा, आणि घाण तटाबाहेर उतारावर टाकणारी वाट. गडावरहि परस नसतो. माचीच्या अरुंद पट्ट्यांत शेंकडों माणसें राहावयाचीं, तेव्हां अंतराची उणीव बांधणाऱ्यानें वाऱ्याच्या साह्यानें भरून काढली. शिडाच्या जुन्या जहाजांवरहि शौचाची जागा नाळेवर असे. कारण शिडांत भरणारा वारा बहुधा मागून येई, आणि दुर्गंध माणसांकडे न वळतां पुढें समुद्रावर निघून जाई.

या विद्येचें मर्म असें कीं, हवेस एक वाट पुरत नाहीं, दोन लागतात. एक आंत येण्याची व एक बाहेर पडण्याची. धांवत्या गाडीच्या बाहेरून वारा वेगानें वाहतो. जेथें प्रवाह वेगवान तेथें दाब कमी, आणि म्हणून तिरप्या पट्ट्यांतून आंतली हवा आपोआप बाहेर ओढली जाते. दाराखालच्या फटींतून तिच्या जागीं नवी हवा येते. वेंचुरी या इटालियन पंडितानें १७९७ सालीं पाण्याच्या प्रवाहावरून हें तत्त्व दाखवून दिलें. परंतु गाडी उभी राहिली कीं ही ओढ थांबते. तेव्हां पंखाच हवा. माझ्या बोळ्यांनीं एक वाट बुजविली, आणि दुसरी वाट उलटी होऊन घाण हवा डब्यांत शिरली.

पूर्वीं शौचकुंडाचें छिद्र खालीं रुळांवर उघडें असे. २०११ पासून गाड्यांना जैविक शौचगृहें बसूं लागलीं. त्यांत डब्याखालच्या टांकींत सूक्ष्म जंतु मैला पचवितात. आज अशीं अडीच लाखांहून अधिक शौचगृहें आहेत. रूळ स्वच्छ झाले, पण टांकींत वायु तयार होतो. म्हणून तिच्या तोंडाशीं पाण्याचा अडसर आणि वर हवेचा मार्ग यांचें महत्त्व दुणावलें. त्यांत प्रवासी बाटल्या, कागदी पेले, चिंध्या टाकतात! महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालांत २५,०८० शौचगृहांसंबंधीं एका वर्षांत सुमारें दोन लाख दोष नोंदले आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक तुंबण्याचे. यंत्रांतहि उणिवा असतील; पण माझें शब्दकोडें आठवून मी दुसऱ्यास दोष देण्याआधीं क्षणभर थांबतों.

गेल्या वर्षीं आत्याबाईंना अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापुरास नेलें. गाडी सुटण्यापूर्वीं मी शौचगृहांत जाऊन आलों. पट्ट्या उघड्या आहेत, पंखा फिरतो आहे, पाणी वाहतें आहे, हें पाहिलें आणि परत येऊन मोठ्यानें, चार माणसांच्या देखत, आत्याबाईंना तसें सांगितलें. शेजारच्या दोन वृद्ध स्त्रियांनींहि कान टंवकारलेले मला दिसले. आत्याबाई प्रथम संकोचल्या. पण नीरा स्टेशन आलें तेव्हां त्यांनीं तांब्याची फिरकी काढली, भांडें भरलें, आणि आमच्या भोरच्याच नदीचें नांव वाचीत वाचीत तें सगळें पाणी पिऊन टाकलें. नंतर दुसरें भांडें भरून त्यांनीं समोरच्या बाईंच्या हातीं दिलें.