किल्ली सापडली, तरीही...

इतिहासाच्या परीक्षेत युद्धाची कारणे बहुधा पाच असतात. निदान आमच्या वेळी तरी असत. पाच कारणे, पाच गुण! क्रिमियन युद्धाचे पहिले कारण वाचून तर मला मौजच वाटली होती. बेथलेहेमच्या चर्चच्या दाराची किल्ली कोणाकडे असावी, यावरून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पाद्र्यांचा तंटा! एका पक्षामागे फ्रान्सचा तिसरा नेपोलियन, दुसऱ्यामागे रशियाचा झार पहिला निकोलस आणि मध्ये सापडलेला, त्या भूमीचा धनी तुर्की सुलतान.

पण पुढची हकीकत वाचली आणि हसू मावळले. किल्लीचा तंटा १८५३ च्या मे महिन्यात मिटलाही होता. मग झारने सुलतानाच्या साऱ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचे पालकत्व मागितले. ते मिळेना, तेव्हा जुलैत डॅन्यूबकाठचे मोल्डेव्हिया व वॅलेशिया हे प्रांत व्यापले. ऑक्टोबरात तुर्कस्तानने युद्ध पुकारले. १८५४ च्या मार्चमध्ये इंग्लंड-फ्रान्सही त्यात पडले. त्याच उन्हाळ्यात रशियाने ते प्रांत सोडले. म्हणजे दुसरे कारणही गेले! तरी सप्टेंबरात दोस्तांची सैन्ये क्रिमियात उतरली. सेवास्तोपोलचा वेढा ११ महिने चालला. लाखो माणसे गेली, त्यांतली कितीतरी रोगराईने.

आमच्या चाळीत गच्चीच्या किल्लीवरून दोन बिऱ्हाडांत अबोला आला. किल्ली चार दिवसांत सापडली. अबोला वर्षानुवर्षे टिकला. म्हाताऱ्या मालकामागे गच्ची कोण बळकावणार, ही धास्ती दोन्ही घरांत होती. तुर्की सत्तेचेही तसेच. ती मोडकळीला आली होती. आपण गप्प बसलो तर दुसरे लाटतील, असे झारला वाटे. रशिया तिथवर आला तर हिंदुस्थानचा मार्ग धोक्यात येईल, असे इंग्लंडला वाटे. नेपोलियनला नवी गादी टिकवायला बाहेरचा मान हवा होता. आपण केवळ स्वतःला सांभाळतो आहोत, अशी प्रत्येकाचीच समजूत!

परवा मुलीने विचारले, "बाबा, मग यातले खरे कारण कोणते?"

मी म्हटले, "जे मिटल्यावर भांडण मिटते, ते."

"मग तहाने ते मिटले का?"

१८५६ च्या पॅरिसच्या तहाने रशिया आणि तुर्कस्तान या दोघांनाही काळ्या समुद्रात आरमार ठेवायला मनाई केली. जहाजे गेली, धास्ती राहिली. १८७७ मध्ये ते दोघे पुन्हा लढत होते.