मागच्याला सोडून महाड गाठता येत नाही

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. सायकलवर मात्र आम्हाला तिचा उलटा अनुभव आला. ठेच मागच्याला लागली आणि शहाणे होण्याची पाळी पुढच्यांवर आली. चूक आमची होती, म्हणून तिचा हिशेब आम्हीच मांडला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी 20 मार्चला चवदार तळ्यावर सायकलने जायचे ठरले. आम्ही सात जण 19 तारखेला पहाटे चार वाजता पुण्याहून निघालो. कात्रजचा जुना घाट, कापूरहोळ, भोर, मग वरंधा घाट उतरून बिरवाडी आणि महाड. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. सहा जणांकडे गिअरच्या सायकली होत्या. सातवा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला पोरगा, वडिलांची जुनी बिनगिअरची सायकल घेऊन आला होता. वयाने सर्वांत लहान तोच आणि उत्साहही त्याचाच जास्त.

पहिला धडा कापूरहोळच्या पुढे मिळाला. आमच्यातल्या एकाचे चाक पंक्चर झाले. ऐटीत नवी ट्यूब टाकली, हवा भरली, निघालो. थोड्याच अंतरावर तेच चाक पुन्हा बसले. बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच रुतलेला होता. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून पाहायचे, हे रस्त्यावरचा कोणताही पंक्चरवाला सांगेल. आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

दुसरा धडा भोर सोडल्यावर. ऊन चढले. प्रत्येकाकडे दोन बाटल्या साधे पाणी. घामावाटे मीठही जाते हे शाळेत शिकलो होतो, पण बाटलीत चिमूटभर मीठ-साखर कोणी घातली नव्हती. शिवाय तहान लागेपर्यंत प्यायचे नाही, ही आमची काटकसर. नीरा देवघर धरणाचे पाणी शेजारी दिसत होते आणि आमच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. एका वाडीतल्या आजींनी हंड्यातले पाणी आणि मीठ दिले. आडनाव न विचारता दिले, हेही नोंदवतो.

इथवरच्या ठेचा सगळ्यांच्या होत्या. पुढची एकट्याची.

चढ लागला तसे आम्ही सहा जण पुढे गेलो. घाटमाथ्यावर वाघजाईजवळ थांबलो, भजी खाल्ली, चहा घेतला, फोटो काढले. अर्ध्या तासाने तो सायकल ढकलत पोहोचला. तो आला तसे आम्ही ‘चला’ म्हणून उठलो. आम्हाला अर्धा तास विश्रांती मिळाली आणि ज्याला तिची खरी गरज होती, त्याला पाच मिनिटेही नाही. एम.ए.ला आम्ही विषमतेवर पानेच्या पाने लिहिली. ती भजीच्या टपरीवर कशी तयार होते, हे तेव्हा दिसले नाही.

उतारावर त्याने दमलेल्या हातांनी ब्रेक सतत दाबून धरले. ब्रेकचे रबर आधीच झिजलेले. निघण्यापूर्वी आम्ही आपापल्या सायकली तपासल्या होत्या, त्याची कोणीच नाही. एका वळणावर वाळू होती. घाबरून त्याने पुढचा ब्रेक करकचून आवळला आणि तो पडला. मनगट मोडले. महाडला तो टेम्पोतून आला, तळ्यावर प्लास्टर घातलेल्या हाताने उभा राहिला. संध्याकाळी तो एका दुकानात काम करायचा. ते काम दीड महिना बुडाले.

रात्री तो म्हणाला, “दादा, थांबा म्हणणार होतो. पण तुम्हाला वाटलं असतं, याला उगाच आणलं.”

मित्रांनो, हे वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे त्या तळ्याकडे चालत गेली. त्यांच्या नावाने निघालेल्या आमच्या सात जणांत एकाला ‘थांबा’ म्हणायची सोय नव्हती. अनुभव हाच गुरू असे म्हणणाऱ्यांनी त्या गुरूची फी कोण भरतो हेही पाहावे. ज्याच्याकडे चांगली सायकल, पैसे आणि सुट्टी आहे, त्याला धडा स्वस्तात पडतो.

आता आमचे नियम ठरलेले आहेत. सर्वांत जुनी सायकल सर्वांत आधी तपासायची. एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी ठेवायचे, तहानेची वाट न पाहता घोट घोट प्यायचे. उतारावर वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबायचे. सर्वांत हळू चालवणारा पुढे, सर्वांत दमदार शेवटी, पंप आणि ट्यूब त्याच्याकडे. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर मोजायची. पोहोचायला उशीर होतो. होऊ द्यावा.

गेल्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो. तोच पोरगा, तीच सायकल, ब्रेकचे रबर नवे. यावेळी तो सर्वांत पुढे होता. वाघजाईला आम्ही सगळे बरोबरच पोहोचलो आणि भजी गरम मिळाली.

जय भीम.