घरच्यासारखी माणसं



आपल्या घरांमध्ये दुकानातल्या माणसांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आम्ही त्यांना नोकर मानतच नाही, घरच्यासारखेच आहेत." सोयरिकीच्या बोलण्यात, पाहुण्यांसमोर, स्थानकात चार जणी बसल्या की तिथेही. वाक्य खोटं नसतं. आमच्या कापडाच्या दुकानातही ते रोज बोललं जातं आणि बोलणाऱ्याच्या मनात खरंच माया असते. पण घरच्या माणसाला सुट्टीचा हिशोब नसतो, रात्री उशीर झाला तर त्याचे वेगळे पैसे नसतात, त्याला पगाराची पावती लागत नाही. एवढं सगळं घरच्यासारखं होतं. घरच्या माणसाला जो वाटा असतो, तो मात्र त्यात येत नाही.

आज यावर लिहावंसं वाटलं, कारण आपण बायका गादीवर बसत नसलो तरी दुकानाची निम्मी रीत आपल्या स्वयंपाकघरातून ठरते. "दुकानातून जरा एका मुलाला पाठवा ना." सिलिंडर आणायचा आहे, नातवाचा डबा शाळेत पोचवायचा आहे, स्टेशनवर मामीजींना घ्यायला जायचं आहे, महाराजसाहेबांच्या प्रवचनासाठी खुर्च्या लावायच्या आहेत. मुलगा येतो, हसत येतो. तेवढा वेळ त्याच्या काउंटरवर दुसरा मुलगा दोघांची गिऱ्हाइकं सांभाळतो, हे आपल्याला घरात बसून दिसत नाही. आमच्या बाईजींचा, म्हणजे सासूबाईंचा, याबाबत एक नियम होता. बोलवायचं तर आधी मुनीमजींना विचारायचं, आणि आलेल्याला काम सांगण्याआधी जेवला का ते विचारायचं. त्या फार शिकलेल्या नव्हत्या, पण हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

गिऱ्हाइकाला दुकानात काय दिसतं? हसून "या ताई" म्हणणारे शेठ आणि खांद्यावर पदर टाकून साडी दाखवणारी मुलगी. पण ती साडी तिथवर येते कशी? सुरतहून पार्सल येतं. हमाल ते पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या गोदामात नेतो. आमच्याकडे लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. गोदामातला मुलगा पार्सल फोडतो, नग मोजतो, बिलाशी ताडतो आणि प्रत्येक साडीवर किमतीची सांकेतिक अक्षरं लिहितो. मे महिन्यात पत्र्याखाली त्या गोदामात दहा मिनिटं उभं राहून पाहा. फॉल-पिको करणाऱ्या बाया तर दुकानात येतही नाहीत. साड्यांची पिशवी त्यांच्या घरी जाते, चार दिवसांनी परत येते, नगावर पैसे. लग्नसराईत "उद्याच पाहिजे" असं आपण ज्या सहजतेने म्हणतो, ती कोणाच्या तरी रात्रीच्या झोपेतून येते.

आता आपल्या प्रतिक्रमणाकडे वळते. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. लहानपणापासून आपण त्यांचा अर्थ बैल-घोड्यांवर लावतो. जनावराला घट्ट बांधू नये, मारू नये, जास्त ओझं लादू नये, चारा-पाणी तोडू नये. घरात गाय-बैल राहिले नाहीत, त्यामुळे हे पाच आपल्या वाट्याचे नाहीत असं वाटू लागतं आणि तोंडाने म्हणून आपण पुढे सरकतो. पण आवश्यक सूत्रावरच्या जुन्या टीकांमध्ये हे अतिचार समजावताना चार पायांच्या प्राण्यांबरोबर दोन पायांच्या माणसांचाही विचार केला आहे. अतिभाराबद्दल तिथे जे सांगितलं आहे, ते वाचून मी थांबलेच. माणसावर ओझं द्यायचं तर तो स्वतः उचलू शकेल आणि स्वतः उतरवू शकेल एवढंच द्यावं. आमच्या गोदामाचा जिना मला तेव्हा आठवला.

आणि भक्तपानविच्छेद. चातुर्मासात आपल्या घरी काय होतं? चौविहार असतो. साडेसहाच्या आत शेठ घरी येतात, गरम फुलके होतात, सूर्यास्ताच्या आधी ताट उचललं जातं, मग निवांत प्रतिक्रमण. दुकान मात्र नऊपर्यंत उघडं असतं. काउंटरवरची मुलं दुपारी दोनला डबा खातात, पाचला एक कप चहा घेतात आणि मग रात्री साडेनऊला घरी जाऊन जेवतात. त्यांना रात्रिभोजनाचं पच्चक्खाण नाही, हे खरं. पण आपलं व्रत सांभाळण्यासाठी तीन तास दुकान त्यांनी सांभाळलं. त्या तीन तासांत त्यांच्या पोटात काय होतं, हे त्या व्रताच्या हिशोबात धरायला नको का? शास्त्रात तर आश्रितांना आधी जेवू घालून मग स्वतः जेवावं असं सांगितलं आहे. आमच्याकडे गेल्या तीन चातुर्मासांपासून साडेपाचला घरून पोहे, उपमा किंवा थालीपीठ जातं. भाजणी महिन्यातून एकदा जास्तीची दळायची, एवढाच काय तो व्याप.

एक मात्र मला आवर्जून म्हणायचं आहे. खाऊ घातलं म्हणजे पगार दिला असं होत नाही. उपासकदशांग सूत्रातल्या दहा श्रावकांपैकी आनंद श्रावकाची गोष्ट आपण प्रवचनात नेहमी ऐकतो, त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रा, चाळीस हजार गाई. सद्दालपुत्राची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. तो पोलासपूरचा कुंभार. गावाबाहेर त्याची मडक्यांची पाचशे दुकानं होती, म्हणजे आजच्या भाषेत मोठा कारखानदारच. तिथे रोज मडकी घडवणाऱ्या माणसांचा उल्लेख आगमात आहे. त्यांची नावं नाहीत, पण त्यांना भृती, भक्त आणि वेतन मिळत असे, हे मात्र नोंदवलेलं आहे. जेवणाचा शब्द वेगळा आणि वेतनाचा वेगळा. आपण मात्र दिवाळीला मिठाईचा पुडा आणि कापड दिलं की बोनसचा विषय संपला असं समजतो.

माझं माहेर आडतीचं, मार्केट यार्डातलं. तिथे एक उलटीच गंमत आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला. हमाल-तोलणारांची मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून त्यांचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. लेव्हीच्या नावाने कुरकुर करणारे व्यापारी मी लहानपणी भरपूर ऐकले आहेत. पण त्यामुळे झालं असं की पोतं उचलणाऱ्या हमालाकडे कार्ड होतं, त्याच्या म्हातारपणाची थोडी तरी सोय होती. आणि गादीला खेटून बसणारे, तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असत, ज्यांना सगळे "जी" लावून बोलत, त्या मुनीमजींकडे काहीच नव्हतं. हमालासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. मुनीमजी घरचे होते, त्यांच्यासाठी कोण भांडणार?

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं आमच्या दुकानातले मुनीमजी. एकतीस वर्षं त्यांनी काम केलं. सुरतेच्या व्यापाऱ्याचं देणं, गावातली उधारी, बँक, जीएसटी आल्यावर त्याची कटकट, सगळं त्यांच्या हातून गेलं. आता डोळ्यांना त्रास होतो म्हणून दिवाळीपर्यंतच येतो म्हणाले. घरात ठरलं, सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, चांदीची वाटी, एक लहानसा कार्यक्रम. बाबूजी म्हणजे माझे सासरे अगदी मनापासून बोलत होते, "मी त्यांना कधी नोकर मानलंच नाही." खरं आहे. मुनीमजींच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरून मदत गेली होती, मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी बाबूजी स्वतः दवाखान्यात बसले होते. हे मी कमी लेखत नाही. असं किती कंपन्यांमध्ये होतं?

पण ती मदत बाबूजींनी द्यायची ठरवली म्हणून मिळाली. नसती ठरवली तर मुनीमजींनी मागितलीही नसती. मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी दोन वर्षं एका सीएंकडे काम केलेलं आहे. त्यामुळे कागद घेऊन बसले. आपल्याकडे दहाच्या वर माणसं आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटी लागू होते. ही तरतूद १९७२ सालच्या कायद्याने आली. पाच वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मुनीमजींचा शेवटचा पगार १९,५०० रुपये. दिवसाचे ७५० झाले. पंधरा दिवसांचे ११,२५०. गुणिले एकतीस वर्षं, ३,४८,७५० रुपये. शाल आणि चांदीची वाटी मिळून तेव्हा आठ हजारांचा अंदाज निघाला होता.

घरात थोडी शांतता झाली, ती तुम्ही समजू शकता. रकमेवर कोणी वाद घातला नाही. बाबूजी देवमाणूस आहेत, ते म्हणाले, "द्यायचेच. धर्मादा खात्यात टाका." तिथे मात्र मी अडले. सुनेने सासऱ्यांशी खात्यावरून वाद घालावा, हे आमच्याकडे नवीनच होतं. धर्मादा म्हणजे आपण आपल्या इच्छेने दिलेलं, त्याचं पुण्य आपलं. हे पैसे तर एकतीस वर्षं दर वर्षी थोडे थोडे मुनीमजींचेच होत गेलेले, फक्त आपल्याकडे पडून होते. दुसऱ्याचं त्याला परत देताना पुण्य आपल्या नावावर लिहायचं? तिसऱ्या अणुव्रतात हे कुठे बसतं ते तुम्हीच बघा. स्थानकातल्या पाटीवर नाव आहे आणि नोकरांचा पगार दहा तारखेच्या पुढे जातो, अशी घरंही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांची नावं घेण्यात मला रस नाही.

यांनी माझी बाजू घेतली, दीर गप्प होते, आणि दोन दिवसांनी बाबूजी स्वतःच म्हणाले की पगार खर्चाला टाका. आता टॅलीत नोंद पुतण्या करतो. मुनीमजी शेजारी बसून तपासतात. स्वतःच्या ग्रॅच्युइटीची नोंदही त्यांनीच तपासली आणि आधी "शेठ, एवढे कशाला" म्हणाले, मग पुतण्याला म्हणाले, तारीख चुकली आहे, दुरुस्त कर. निम्मी रक्कम दिली आहे, निम्मी पाडव्याला. सत्कारही होणार आहे, शालीसकट. त्यात काही वावगं नाही, मुनीमजींना तो हवाच आहे.

यानंतर घरात मला "कायदेबाई" म्हणतात. म्हणू देत.

दुसरा विषय साडी दाखवणाऱ्या मुलींचा. आमच्याकडे पाच आहेत. सकाळी दहापासून उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते, अशी बाजारातली समजूत. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारातल्या बायका याच गोष्टीसाठी लढल्या. पी. विजी नावाच्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. आधी मागणी होती संडास-बाथरूमची, मग बसण्याची. २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात बदल करून दुकानात बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ साली तमिळनाडूनेही केली. हे वाचून मी आमच्या मुलींना विचारलं, तर त्यांनी खुर्चीचं नावच काढलं नाही. सगळ्यांत मोठी म्हणाली, "भाभी, खुर्चीचं राहू द्या. आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही."

दुकानात बाथरूम आहे, पण ते गोदामाच्या मागे, पुरुषांचं, दाराला कडी नीट नाही. मुली समोरच्या बँकेत जातात, तीही चारला बंद होते. म्हणून पाणीच प्यायचं नाही. भर मे महिन्यातही. दुकानाच्या दाराशी आम्ही उन्हाळ्यात पाणपोई लावतो, माठाला फुलांची माळ घालतो, येणारे-जाणारे आशीर्वाद देतात. आणि आत पाच मुली तहानलेल्या. भक्तपानविच्छेदात पाणी तोडणारा कोणीतरी वेगळा असावा लागतो अशी माझी समजूत होती. इथे कोणी तोडलेलं नाही, आणि तरी पाणी तुटलेलं आहे.

खुर्च्या म्हणाल तर चार उंच स्टूल आले आहेत, काउंटरच्या आत मावणारे. पहिले दोन दिवस मुली बसायलाच तयार नव्हत्या, गादीकडे बघायच्या. मग बाबूजींनीच एकीला "बस गं" म्हटलं. बाथरूमसाठी जिन्याखालची जागा काढायची तर तिथले अस्तराच्या ताग्यांचे रॅक हलवावे लागतात आणि दीरांना ते ताग्यांसाठी हवेत, त्यामुळे ते काम संवत्सरीनंतरवर गेलं आहे. मिस्त्री माप घेऊन गेला. दाराला कडी आतून हवी, हे मी त्याला दोनदा सांगितलं आहे.