वजन वाढत होतं

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन १३०० ग्रॅम. आम्ही बदलापूरला कात्रपला राहतो. त्याला उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात पेटीत ठेवलं होतं. रोज सकाळी तिथे पोचले की नर्सला माझा एकच प्रश्न असायचा, ‘आज वजन किती?’ वीस ग्रॅम वाढले की घरी फोन, अंबरनाथला माहेरी फोन. घटले की कुणाला जेवण जायचं नाही. श्वास, दूध आणि वजन यांच्या पलीकडे मी काही बघतच नव्हते. त्याच्या डोक्यात त्या आठवड्यांत काय चाललं आहे, हे मी कधी विचारलं नाही. सांगणारी माणसं समोर उभी होती, तरी विचारलं नाही.

ते मला फार उशिरा कळलं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू विलक्षण वेगाने वाढतो. आधी जवळजवळ गुळगुळीत असलेल्या पृष्ठभागावर घड्या पडू लागतात. २९ ते ४१ आठवड्यांच्या काळात मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराचं आकारमान सुमारे चौपट होतं. चौतिसाव्या आठवड्यातही मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या जेमतेम दोन तृतीयांश असतं. हे सगळं पोटातल्या अंधारात, बरंचसं झोपेत व्हायचं असतं. माझ्या मुलाचं ते यंत्रांच्या आवाजात आणि टाचेत टोचणाऱ्या सुयांमध्ये होत होतं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, आणि मी त्या बोलण्याला घट्ट धरून बसले होते. ते साफ चुकीचं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो.

नर्सने मला बाळ छातीशी, कातडीला कातडी लावून धरायला सांगितलं होतं. मी थोडा वेळ धरायचे आणि परत पेटीत ठेवायला सांगायचे. माझी समजूत अशी, की जिथे पेट्या कमी असतात त्या सरकारी रुग्णालयांसाठी हा उपाय आहे आणि आपण पैसे भरतोय तर यंत्रच बरं. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात ‘कांगारू’ पद्धत सुरू झाली ती खरंच पेट्यांच्या टंचाईतून. पण पुढे तिचे फायदे पेट्या असतानाही दिसत गेले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिवसातले ८ ते २४ तास, होईल तितका वेळ असं धरावं. माझ्याकडे वेळ होता. मी बाहेरच्या बाकावर बसून तो घालवला.

घरी सोडताना दिलेल्या फाइलमध्ये डोक्याच्या सोनोग्राफीचा कागद होता. टाळूचं हाड जुळलेलं नसतं म्हणून तिथून मेंदू पाहता येतो. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग जास्त चकाकतोय, चाळीस आठवडे भरल्यावर सोनोग्राफी पुन्हा करा, असं त्यावर लिहिलं होतं आणि डॉक्टरांनी तोंडी बजावलंही होतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आम्ही वेळेवर केली, कारण आंधळेपणाची भीती लगेच समजते. सोनोग्राफी मात्र राहिली. तोवर तो गुटगुटीत दिसू लागला होता.

त्याहून मोठी चूक पुढे केली. बारशाला आलेल्यांपासून मी तो किती आधी जन्मला हे लपवलं. कुणी ‘लहान दिसतो’ म्हटलं तर विषय बदलायचे. डोस द्यायला बदलापुरातल्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागलो, तेव्हा त्यांनाही जुनी फाइल दाखवली नाही. नवीन कार्ड, कोरी सुरुवात. मला वाटत होतं मी मुलाला लोकांच्या नजरेपासून वाचवतेय. खरं म्हणजे जो माणूस त्याला वाचवू शकला असता त्याच्याच हातातली माहिती मी काढून घेतली.

पहिल्यांदा काय ते ओळखलं मालिशवाल्या मावशींनी. शाळा न पाहिलेल्या, पण हाताखालून शेकडो बाळं गेलेल्या. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘ताई, याच्या मांड्या उघडत नाहीत. लंगोट बांधताना तुमच्या लक्षात येत नाही का?’ येत होतं. पण घरात वेगळंच कौतुक चाललं होतं. उभं धरलं की तो चवडे टेकवून ताठ उभा राहायचा. ‘पायांत काय ताकद आहे!’ असं सासूबाई म्हणायच्या, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. मावशींना मी सांगितलं, तेल जरा कोमट करून लावा. नंतर अंबरनाथहून माझ्या भावाने वॉकर आणला, आणि आधीच चवड्यांवर चढलेल्या त्या पायांना आम्ही त्यात घातलं.

ती ताकद नव्हती, ताठरपणा होता. मेंदूतल्या मज्जातंतूंवर नंतर जे आवरण चढतं, ते बनवणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात अपक्व आणि फार नाजूक असतात. रक्तपुरवठा कमी पडला किंवा संसर्ग झाला तर त्या मरतात, आणि इजा बहुधा पोकळ्यांच्या लगत होते. पायांकडे जाणारे तंतू नेमके तिथूनच, सगळ्यांत आतून जातात. हातांचे थोडे बाहेरून. म्हणून अशा कित्येक मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अकाली किंवा अवघड जन्म आणि असा ताठरपणा यांचा संबंध विल्यम लिटल या लंडनच्या डॉक्टरने १८६१ मध्येच मांडला होता. माझ्या घरात तो एकविसाव्या शतकातही पोचला नव्हता.

पहिला वाढदिवस झाला तरी तो आधाराशिवाय बसत नव्हता. तेव्हा मी उलटं बोलू लागले, ‘लवकर झालेला ना, म्हणून उशीर.’ जे जगापासून लपवलं, तेच स्वतःला समजावायला वापरलं. त्यातही हिशेब नीट केला नाही. अशा मुलांचं वय दोन वर्षांपर्यंत बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून धरतात. म्हणजे तो तेव्हा साडेनऊ महिन्यांचा. साडेनऊ महिन्यांचं मूल बसायला हवं.

शेवटी नवऱ्याने फाइल उघडली आणि आम्ही पुन्हा उल्हासनगरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आवाज चढवला नाही. मेंदूची इजा जन्माच्या आसपासची आहे, ती तुमच्यामुळे झालेली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुम्ही लवकर आला असतात तर ती भरून निघाली असती असंही नाही, म्हणाले. पण स्नायू आखडत गेले, चुकीच्या सवयी बसल्या, आणि मेंदू सर्वांत जास्त शिकू शकतो असे महिने व्यायामाविना गेले. ते महिने माझ्या हातात होते. डॉक्टरांच्या बोलण्याचा पहिला भाग सांत्वन म्हणून घ्यायचा आणि दुसरा विसरायचा, हे मी करू शकत नाही.

फिजिओथेरपी तेव्हापासून सुरू आहे. पायांना पट्टे आहेत. तो चालतो, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात मामाच्या मुलांमागे धावायचा प्रयत्न करतो आणि पडतो, उठतो. महाग उपचार म्हणजे चांगले, या हट्टापायी मी सरकारी सेवांची चौकशीही उशिरा केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ मध्ये पालघरला झाली. पालघर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. विकासात मागे पडणारी मुलं शोधणं हा त्या कार्यक्रमाचा एक हेतूच आहे.

आता काळजी पायांपेक्षा पुढची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, तरी पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी. डोळे आणि हात यांचा मेळ, गणित, इथे अडचणी दिसल्या. माझ्या मुलाला चौकोन काढताना कोपरा वळवता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर आळशी आहे म्हणून रागावले असते.

यंदा शाळेत प्रवेश घेताना मी बाईंना फाइल दाखवली, सोनोग्राफीच्या कागदासकट. त्यांनी त्याला पुढच्या बाकावर, पाय पूर्ण टेकतील अशा बुटक्या खुर्चीवर बसवलं आहे, आणि फळ्यावरून उतरवून घ्यायला जास्त वेळ देतात. मालिशवाल्या मावशी अजून आमच्या इमारतीत येतात. त्यांना मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. वरच्या मजल्यावर बत्तिसाव्या आठवड्यात झालेली एक मुलगी आहे, तिच्या आईला माझा नंबर मावशींनीच दिला.