जरा सरकून घ्या!

मुलुंड स्टेशनवर सकाळच्या लोकलमध्ये चढलं, की बसायला जागा मिळण्याची बात नको. पण तिघींच्या बाकापाशी जाऊन नुसतं म्हणायचं, "जरा सरकून घ्या!" की खिडकीतली सरकायची, मधली सरकायची आणि चौथीला टेकण्यापुरती जागा व्हायचीच. ही 'चौथी सीट' तुम्हालाही माहीत असेल. दादरच्या एका शाळेत शिकवायला जाताना मी तीन वर्षं अशीच टेकून गेले. पण या तीन शब्दांचं मोल मला कळलं ते मुलुंडपासून बारा हजार किलोमीटरहूनही लांब!

त्याचं असं झालं. मे १९९५ मध्ये आमचं लग्न झालं आणि तुमच्या काकांना अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी कॉम्प्युटरची नोकरी लागली. सप्टेंबरमध्ये आम्ही सहार विमानतळावरून निघालो. बॅगांत कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला, मेतकूट आणि आईने कोंबलेले लाडू.

पहिला महिना मजेत गेला. नळाला चोवीस तास पाणी, तेही गरम! गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावायच्या. मी सवयीने भलतीकडे बघून रस्ता ओलांडायला जायची आणि काका मागे ओढायचे. ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं होती, तिथे कढीपत्ता दिसला तेव्हा तर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक दारापुढे हे एवढाले भोपळे! हॅलोविनसाठी मांडलेले. माझ्या डोक्यात मात्र भाजी आणि घारगे.

पण सकाळी काका ऑफिसला गेले, की दिवस खायला उठायचा. मला 'एच-४' व्हिसा होता. नोकरी करणाऱ्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला तो मिळतो आणि त्या काळी त्यावर कुणालाच नोकरी करता येत नसे. (पुढे २०१५ पासून काहीजणांना परवानगी मिळू लागली.) गाडी चालवता येत नव्हती आणि गाडीशिवाय तिथे कुठे जाता येत नव्हतं. चाळीस मुलांच्या वर्गात दिवसभर बडबडणारी मी, आता संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नव्हते. समोरच्या घरात एक आजी राहायच्या. जिन्यात दिसल्या की 'हाय' म्हणायच्या. मीही 'हाय' म्हणून घाईने दार लावून घ्यायची. वाटायचं, आपलं इंग्रजी ऐकून हसतील.

आईला हे कसं सांगणार? आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे पी. पी. नंबर होता. एडिसनला शनिवारी रात्रीचे दहा वाजले, की मुलुंडला रविवारी सकाळचे साडेआठ वाजलेले असायचे. तेव्हा फोन करायचा. काकू हाक मारणार, आई धावत येणार आणि इकडे डॉलर पळत असणार. "कशी आहेस?" "मजेत!" झालं. निळ्या हवाईपत्रातही तेच, 'आम्ही मजेत आहोत.' डिसेंबरमध्ये मात्र मी मनाशी ठरवून टाकलं, परत जायचं. काकांनाही बोलले नव्हते.

आणि मग ७ जानेवारी १९९६ चा रविवार उजाडला. काका कामासाठी शिकागोला गेले होते, रात्री परतायचे होते. सकाळपासून बर्फ पडायला लागला तो थांबेचना. सोमवारपर्यंत दोन फुटांहून जास्त! राज्यात आणीबाणी जाहीर झाली, रस्ते ओस पडले, न्यूअर्कचा विमानतळ बंद झाला. काका तिकडेच अडकले. खाली उभ्या गाड्यांचे नुसते पांढरे उंचवटे दिसत होते. त्यात मला सणकून ताप भरला. घरात ना गोळी, ना दूध.

मुलुंडला असते तर? नुसती खोकले असते तरी शेजारच्या काकू काढा घेऊन आल्या असत्या. इथे मी बंद दाराच्या आत अर्धा तास उभी होते. समोरचं दार चार पावलांवर, पण पाऊल उचलेना. शेवटी कुठून कोण जाणे, ती लोकल आठवली. अगं, तिथे अनोळखी बायकांना रोज म्हणत होतीसच ना, जरा सरकून घ्या म्हणून? गेले आणि दार वाजवलं.

आजींनी मला पाहिलं मात्र, हाताला धरून आत नेलं. गोळी दिली, गरम गरम सूप दिलं. दोन दिवस मी त्यांच्याच सोफ्यावर होते. त्या मूळच्या पोलंडच्या. तरुणपणी इथे आल्या तेव्हा त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही कधी माझ्याशी बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू लगेच दार लावून घ्यायचीस. मला वाटलं, तुला एकटं राहायला आवडतं!"

घ्या! मी समजत होते त्यांना मी नकोय आणि त्या समजत होत्या मला त्या नकोत.

त्या आठवड्यात मी आईला पहिलं खरं पत्र लिहिलं. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं, 'मला ठाऊक होतं. मागच्या पत्रात तू 'मजेत' हा शब्द सहा वेळा लिहिला होतास. मजेत असलेलं माणूस इतक्यांदा सांगत नाही.'

मग आजींनीच मला सार्वजनिक वाचनालयात नेलं. तिथे शनिवारी लहान मुलांना गोष्टी सांगायला बिनपगारी माणसं हवी होती. मी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी आपली म्हातारी सांगितली. भोपळे तर त्या मुलांच्या ओळखीचेच! वाघ आला तेव्हा सगळी चिडीचूप, भोपळा सुटला तेव्हा हशा. त्या रात्री परत जायचा बेत मी काकांना सांगितला आणि तो रद्द केल्याचंही सांगून टाकलं.

एक गंमत मला फार नंतर कळली. आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेतच. कल्याणची ही मुलगी डॉक्टर व्हायला अठराव्या वर्षी बोटीने निघाली आणि जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरली. ती राहिली कुणाकडे? न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी, कार्पेंटरबाईंकडे. त्या बाईंनी एका मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं आणि अनोळखी आनंदीबाईंना आपणहून पत्र लिहिलं. ओळख झाली ती अशी पत्रांतूनच. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणायच्या. ते रोझेल आमच्या एडिसनपासून फार लांब नाही. म्हणजे माझ्या शंभरावर वर्षं आधी तिथे कुणीतरी आपल्या मुलीसाठी सरकून जागा केली होती!

नऊ वर्षांनी, २००४ साली, आम्ही मुलुंडला परतलो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर आसामहून एक नवं जोडपं राहायला आलं, सात वर्षांच्या मुलीसह. दार सदा बंद. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायला लागले, "त्यांना मिसळायला आवडत नाही."

मी ऐकलं आणि उठले. घारगे तळले, डबा भरला आणि बेल वाजवली.

दार जेमतेम वीतभर उघडलं. फटीतून दोन छोटे डोळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "जरा सरकतेस का? मला आत यायचंय!"

तिला मराठी कुठून कळणार? पण ती सरकली.